निळ्या गोळ्या

मैत्रिणींनो, शरीरावरच्या हक्काचं बोलताना मला पूर्व जर्मनीच्या खेळाडू मुली आठवतात. 'ओरल-ट्युरिनाबोल' म्हणजे स्नायू वाढवणारं कृत्रिम पुरुषी संप्रेरक. १९७४च्या सरकारी योजनेखाली त्याच्या निळ्या गोळ्या कोवळ्या मुलींनाही दिल्या गेल्या. जीवनसत्त्वं आहेत म्हणून! आईबापांनाही पत्ता नाही. आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली.

१९७६ला माँट्रियलमध्ये त्यांच्या जलतरणपटूंनी १३पैकी ११ सुवर्णपदकं नेली. अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफनं शंका बोलून दाखवली, तर वर्तमानपत्रांनी तिलाच कुजकी ठरवलं. (बाई खरं बोलली की कुजकीच!)

२००० साली या खेळाडू बर्लिनच्या कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड दोषी ठरले. शिक्षा २२ महिने, तीही स्थगित.