पुसलेली राणी



इराणात रेशमावरही लघुचित्रे रंगवली गेली. आपला वारसा मात्र कागदावरचा. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची प्रशस्ती गाणारे आफताबीचे सचित्र फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहे. त्यात १५६५ च्या तालिकोट युद्धाचे वर्णन येते. म्हणजे आपले कर्नाटकही त्यात आहेच. चित्रांत सुलतानाशेजारी राणी खुंजा हुमायून बसली होती. पतीनिधनानंतर तिने अल्पवयीन मुलासाठी कारभार सांभाळला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले आणि चित्रांतील तिची आकृतीही पुसली गेली. रंग अद्याप ताजे आहेत, राणीच्या जागी मात्र डाग. इतिहासाच्या तासाला ते चित्र दाखवून मी एवढेच विचारते, “इथे कोण नाही?” मुली आधी हात वर करतात.