सुधारणेला विरोध करणारे मन



ज्या सुधारणेत आपले हित आहे, तिलाच माणूस विरोध का करतो? हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. आज त्यासाठी मी अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यसेवेचे उदाहरण घेणार आहे.

१९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध प्रचंड प्रचार केला आणि योजना बारगळली. संघटनेचा स्वार्थ समजू शकतो. पण सामान्य माणूस का बिथरतो?

पहिले कारण भीती. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदाहून शंभर रुपये गेल्याचे दुःख मोठे असते. म्हणून हाती असलेले तोकडे संरक्षणही माणूस घट्ट धरून ठेवतो. २००९ साली ओबामांच्या सुधारणेची चर्चा चालू असताना साउथ कॅरोलिनातील एका सभेत एका नागरिकाने बजावले की, माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावू नये. वास्तविक मेडिकेअर ही वृद्धांसाठी १९६५ सालच्या कायद्याने आलेली सरकारचीच योजना! सवयीचे ते आपले वाटते, नवे ते परके.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १९४६ च्या रुग्णालय कायद्याने सरकारी मदतीतून गोऱ्या व काळ्या रुग्णांसाठी वेगवेगळी सोय करण्यास मुभा दिली होती. १९६६ साली मेडिकेअर सुरू होताना सरकारने अट घातली : भेदभाव सोडा, तरच पैसा मिळेल. बहुतेक रुग्णालयांनी अट मान्य केली. वॉर्ड एक झाले, मने झाली नाहीत. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन मेट्झल यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात टेनेसी राज्यातील एका गरीब गोऱ्या रुग्णाची हकीकत दिली आहे. यकृत निकामी होत असतानाही त्याला ओबामांची योजना नको होती. कारण त्याच्या कराचा पैसा परक्यांवर खर्च होईल!

बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. आपल्या खाली कोणी आहे, या समाधानापोटी माणूस आपल्यावर अन्याय करणारी शिडीच सांभाळत बसतो.

अतिसाराने लोळणाऱ्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला समजावले. तेथे 'हा कोण?' हा प्रश्नच नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, सार्वजनिक दवाखान्याचा प्रश्न निघेल तेव्हा आकडे जरूर तपासा, अफवा कोणाच्या फायद्याची हेही पाहा. पण आधी स्वतःला विचारा : मला खर्चाची चिंता आहे, की रांगेत माझ्या शेजारी कोण उभा राहील याची? मन तपासल्याशिवाय समता कायद्याच्या कागदावरच राहील.