बटणं करणारी कुंभारीण

गेल्या बैठकीत आमच्या गटात चांगलीच जुंपली. कापडी पिशव्यांची ऑर्डर आली होती. एक ताई म्हणाल्या, "आपण गोधड्या शिवणाऱ्या, पिशव्या कशाला घ्यायच्या?" तेव्हा आम्हाला ल्युसी री आठवली.

ही बाई १९०२ साली व्हिएन्नात जन्मली. आपल्याकडे बऱ्याच कुंभारघरांत बायका माती मळतात, पण चाकावर पुरुष बसतो. ल्युसी स्वतः चाकावर बसायची आणि तिनं नावही कमावलं होतं. पण ती ज्यू. हिटलरच्या धाकानं १९३८ मध्ये तिला लंडन गाठावं लागलं. तिथं तिला कोण ओळखणार? एका जुन्या तबेल्याच्या जागेत तिनं कामाची जागा आणि घर केलं. पुढे पोटासाठी तिनं बटणं केली. मातीची बटणं, कापडाच्या रंगाला जुळतील अशी! रंग जुळवता जुळवता झिलईवर तिचा हात बसत गेला. १९४६ मध्ये हान्स कोपर नावाचा निर्वासित तरुण काम मागत आला. त्याला कुंभारकाम येत नव्हतं, तरी तिनं ठेवून घेतलं. पुढे तोही मोठा कलाकार झाला.

तेव्हा इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्या शब्दाला फार वजन. त्यांना हिची भांडी फार पातळ वाटली. तिनं जाड भांडी करून पाहिली, पण ती तिची वाटेनात. कोपरनं धीर दिला आणि ती आपल्या पातळ भांड्यांकडे वळली.

१९४८ च्या सुमारास जास्त आच देणारी विजेची भट्टी आली आणि ती पोर्सिलेनची भांडी करू लागली. ही पांढरी चिनी माती भारी हट्टी. चाकावर पाणी जास्त झालं की बसते, भाजताना आक्रसते, वाकडी होते. बाराशे अंशांच्या वर भाजावी लागते. पण नीट जमली तर पातळ कडेतून उजेड दिसतो. बहुतेक कुंभार भांडं आधी भाजतात, मग झिलई देऊन पुन्हा भाजतात. ही कच्च्या भांड्यावरच कुंचल्यानं झिलई लावून एकदाच भाजायची. एका संग्रहालयात तिनं फार जुनी, रेघा कोरलेली मातीची भांडी पाहिली आणि घरी येऊन सुईनं तशा रेघा ओढू लागली.

कप आणि सॅलडचे वाडगे विकून घर चालायचं, त्याच चाकावर नाजूक वाडगेही व्हायचे. १९९१ मध्ये तिला 'डेम' हा किताब मिळाला. १९९५ मध्ये ती गेली, तोवर तिनं ती जागा सोडली नाही.

तर ताई, पिशव्यांचं बुधवारी ठरवू. येताना गोधडीचे उरलेले तुकडे घेऊन या, पिशवीच्या खिशाला लागतील.