भरलेल्या हप्त्यांचा हिशेब



बेंगळुरूत भरलेल्या या गृहनिर्माण परिषदेचा अध्यक्ष म्हणून मला आज एकाच माणसाविषयी बोलायचे आहे: सरकारी घरात हप्ते भरत राहणारा, पण अजून मालक न झालेला माणूस.

या शहराला तो चांगला ओळखीचा आहे. बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या 1984 च्या भूखंड वाटप नियमांनुसार वाटपदार किंमत भरूनही दहा वर्षे भाडेकरूच राहतो. अटी पाळल्या की मग खरेदीखत. भूखंड दुसऱ्याच दिवशी दलालाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण हीच रचना गरिबाच्या गाळ्याला लावली की तिचा काच कळतो. महाराष्ट्रातल्या भाडे-खरेदीच्या, म्हणजे शेवटचा हप्ता भरेपर्यंत भाडेकरूच मानल्या जाणाऱ्या, गाळेधारकांना विचारा. गच्ची गळू लागली की तो मालक, दुरुस्ती त्याने करायची. हप्ता थकला की तो भाडेकरू, नोटीस त्यालाच.

माझ्याकडे पक्षकार येतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन. कार्बनची अक्षरे पुसट, काही पावत्या वाळवीने खाल्लेल्या. गृहनिर्माण कार्यालयाकडून खात्याचा उतारा मागवला की दिसते, भरलेली रक्कम आधी दंडव्याजात गेली, मग व्याजात. मुद्दल जवळजवळ तसेच. वर्षाकाठी एक कागद हाती आला असता, तर त्या माणसाला हे पहिल्याच वर्षी कळले असते. नवऱ्याच्या पश्चात वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्या बायकांची गोष्ट तर वेगळीच. करार दोघांच्या नावे करायला सरकारला कोणी अडवले होते?

आपल्या संसदेने 1972 मध्ये भाडे-खरेदीचा कायदा केला. किमतीचा ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर न्यायालयात गेल्याखेरीज वस्तू परत नेता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. तो फक्त जंगम वस्तूंपुरता होता, कधी अमलातच आला नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला. शिलाई मशीनसारख्या वस्तूसाठी निदान कागदावर सुचलेला न्याय घरासाठी सुचलाच नाही, याची मला खंत वाटते.

न्यायालयांनी मात्र वाट दाखवली आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरे देणाऱ्या अशा प्राधिकरणांना ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले. बेंगळुरू विकास प्राधिकरण विरुद्ध सिंडिकेट बँक या 2007 च्या निकालात सांगितले की किंमत तात्पुरती ठरली असेल तर ती वाढू शकते. निश्चित ठरली असेल तर बेकायदा उकळलेली जादा रक्कम व्याजासह परत करावी लागेल. म्हणूनच अंतिम किंमत करारातच लिहिली गेली पाहिजे. कायद्यानेही वाट दाखवता येते: ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा वास्तव्याच्या वर्षांवर सवलत ठरली: तीन वर्षांना 33 टक्के, पुढे 50 पर्यंत. त्या धोरणाने सार्वजनिक घरे आटली, हे खरे. पण राहिलेल्या वर्षांना किंमत असते, हे तिथे कायद्याने मान्य केले.

असा हक्क कायद्यात नसला की काय होते, ते याच शहराने पाहिले आहे. कोरमंगलाजवळच्या ईजीपुऱ्यात महापालिकेने दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या इमारतींपैकी काही कोसळल्या, माणसे पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि जानेवारी 2013 मध्ये त्या शेडही बुलडोझरने पाडल्या. मूळ वाटपदारांना नवी घरे कबूल होती. त्यांच्याकडून घर घेतलेल्यांचे, भाड्याने राहणाऱ्यांचे काय, हे कोणी सांगत नव्हते. थंडीत रस्त्यावर आलेल्या लेकरांना वाटपपत्रातला हा फरक काय ठाऊक?

आपण ज्यांचे करारनामे लिहितो, त्यांना दरवर्षी हिशेबाचा उतारा, बेदखलीआधी सुनावणी आणि निम्मी किंमत भरल्यावर न्यायालयाच्या आदेशाविना घर न जाण्याची हमी मिळाली पाहिजे. अशा नमुना कराराचा मसुदा याच परिषदेत तयार करून कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांकडे पाठवू या. त्यासाठी आज संध्याकाळी थांबू शकतील त्यांनी कृपया थांबावे.