अडीच लाखांचा हिशेब



गव्हर्नर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन उभे राहते. समुद्रकाठची हिरवळ, दारावर पहारा, आणि दिल्लीहून नेमून आलेला एक गृहस्थ. तुम्ही त्याला मत दिलेले नसते, त्यानेही तुम्हांला काही कबूल केलेले नसते. तेव्हा हिशेब मागायचा कशाचा? अमेरिकेतली तऱ्हा निराळी. तिथे राज्याचा गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. आपला मुख्यमंत्रीच म्हणा ना! दारोदार हिंडतो, सभा घेतो, आश्वासनांची खैरात करतो. अशाच एका गव्हर्नराची, आणि त्याच्याकडे हिशेब मागायला निघालेल्या कामगारांची हकीकत आज सांगायची आहे.

राज्याचे नाव विस्कॉन्सिन. समुद्रासारख्या अफाट सरोवराच्या काठचा मुलूख. दूधदुभते भरपूर, कागदाच्या गिरण्या, कारखाने. कामगारांचा झगडा तिथे जुना. 1886 च्या मे महिन्यात आठ तासांचा दिवस मागत मिल्वॉकीचे कामगार बे व्ह्यूच्या पोलाद कारखान्यावर चालून गेले, तेव्हा त्या वेळच्या गव्हर्नराच्या हुकमाने गोळीबार झाला आणि निदान सात माणसे पडली. याच राज्याने 1959 साली नगरपालिकांच्या नोकरांना युनियनमार्फत वाटाघाटी करण्याचा हक्क कायद्याने दिला. अमेरिकेत असा राज्य-कायदा तो पहिला.

या राज्यात 2010 साली स्कॉट वॉकर नावाचे पुढारी निवडणुकीला उभे राहिले. त्यांचे वचन काय? पहिल्या चार वर्षांत खासगी धंद्यांत अडीच लाख नव्या नोकऱ्या! अडीच लाख म्हणजे किती हे गिरणगावाला कागदावर मांडून दाखवायला नको. 1982 च्या जानेवारीत मुंबईत जो संप सुरू झाला, त्यात जवळपास तेवढेच कामगार उतरले होते. एवढ्या लोकांची चूल पेटवतो म्हणणाऱ्याला मत कोण देणार नाही? वॉकरसाहेब निवडून आले. 3 जानेवारी 2011 ला त्यांनी शपथ घेतली.

आणि खुर्चीत बसून चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत, 11 फेब्रुवारीला, बिल पुढे आले. नोकऱ्यांचे नव्हे हो! सरकारी नोकरांच्या आणि शिक्षकांच्या युनियनचे कंबरडे मोडणारे. पेन्शनसाठी आणि आजारपणाच्या विम्यासाठी पगारातून जास्त पैसे कापायचे. वाटाघाटी करायच्या तर फक्त मूळ पगारावर, आणि तीही वाढ महागाईच्या पलीकडे जायची नाही. कामाचे तास, पाळ्या, सुरक्षितता यावर तोंड उघडायचे नाही. युनियनची वर्गणी पगारातून कापून द्यायची नाही. वर दर वर्षी मतदान घेऊन युनियनने आपली मान्यता पुन्हा सिद्ध करायची; आणि तीही हजर मतदारांच्या नव्हे, एकूण कामगारांच्या 51 टक्के मतांनी. म्हणजे जो घरी झोपला त्याचे मत युनियनच्या विरुद्ध धरायचे! मालकापुढे कोणती युनियन बसणार हे कायदा ठरवतो तेव्हा काय होते, ते बी.आय.आर. कायद्याखाली ज्यांची हयात गेली त्यांना मी काय सांगू?

इथे न्यायाने बोलले पाहिजे. पेन्शन-विम्यासाठी नोकरांनी जास्त भरावे, एवढे वॉकरसाहेब प्रचारात बोलले होते. पण वाटाघाटीचा हक्कच काढून घेऊ, हे बोलले नव्हते. आश्वासन मोडणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. जे बोलला ते केले नाही, असे आपण म्हणतो. पण जे केले ते आधी बोललाच नव्हता, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

लोक उठले. मॅडिसन शहरातल्या विधानभवनात कामगार, शिक्षक, विद्यार्थी शिरले आणि दिवसरात्र तिथेच राहिले. फरशीवर झोपले. विरोधी पक्षाचे 14 सेनेटर कोरम मोडण्यासाठी राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या इलिनॉयमध्ये जाऊन बसले. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. पोलीस आणि आगीच्या बंबावरचे जवान यांना या बिलातून वगळले होते. हेतू उघड आहे, अर्धे खूश ठेवा आणि अर्ध्यांना झोडपा. पण ते बंबवाले आपला गणवेश घालून, वाद्ये वाजवीत मोर्चात आले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले.

तरी बिल पास झालेच. कोरमची अट ज्या पैशांच्या कलमांना लागत होती ती कलमे वेगळी काढली, उरलेले मंजूर केले, आणि 11 मार्चला गव्हर्नराची सही झाली.

मग कामगारांनी दुसरे हत्यार काढले. विस्कॉन्सिनच्या घटनेत 1926 पासून एक तरतूद आहे. निवडून आलेल्या माणसाला एक वर्ष झाले, की लोक त्याला मुदतीपूर्वी परत मतदानाला उभे करू शकतात. त्यासाठी मागच्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या चौथ्या हिश्श्याइतक्या सह्या हव्यात, आणि त्या साठ दिवसांत. आपल्याकडे आमदार-खासदाराच्या बाबतीत ही सोय नाही. लागत होत्या 5 लाख 40 हजार सह्या. बर्फाच्या दिवसांत दारोदार हिंडून लोकांनी 9 लाखांवर वैध सह्या जमवल्या!

तुम्हांला वाटेल, आता गव्हर्नर गेला. नाही गेला. 5 जून 2012 ला मतदान झाले आणि वॉकरसाहेब 53 टक्के मते घेऊन कायम राहिले. का? एक तर पैसा. सह्यांच्या काळात गव्हर्नराला देणग्या घेण्याची मर्यादाच नव्हती. त्यांनी सुमारे 3 कोटी डॉलर जमवले, प्रतिस्पर्ध्याने सुमारे 40 लाख. पण सगळे पैशावर ढकलून आपली सुटका होत नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारले तेव्हा बहुसंख्य म्हणाले, भ्रष्टाचारासारखा गुन्हा असेल तरच मुदतीपूर्वी काढावे. आणि ज्या घरात युनियनचा सभासद आहे, अशा घरांतलीही शंभरातली जवळपास 38 मते वॉकरना पडली. घरचीच मते! हे ऐकायला कडू आहे, पण ऐकले पाहिजे.

आता त्या अडीच लाखांचे पाहू. मतदान तोंडावर आले तेव्हा 2011 सालचे दोन आकडे बाजारात होते. दरमहाच्या नमुना पाहणीप्रमाणे राज्यातल्या सुमारे 34 हजार नोकऱ्या घटल्या होत्या. वॉकर सरकारने बहुतेक सर्व मालकांकडून येणाऱ्या तिमाही मोजणीचा आकडा पुढे केला: सुमारे 23 हजारांनी वाढ! पुढे ही तिमाही मोजणीच खरी ठरली. म्हणजे कामगारांच्या हातातला आकडा कच्चा निघाला, आणि तोही ऐन निवडणुकीत. म्हणून म्हणतो, आश्वासन देणाऱ्याला त्याच सभेत विचारा, मोजणार कोण आणि कोणत्या मापाने. मागाहून माप बदलता येते. आणि त्या पक्क्या मापानेही चार वर्षांअखेर काय भरले? अडीच लाखांच्या जेमतेम निम्मे. तरी 2014 साली साहेब पुन्हा निवडून आले.

2017 साली नवे गाजर. फॉक्सकॉन कंपनी 1000 कोटी डॉलर घालणार, 13 हजार नोकऱ्या देणार. राज्य सुमारे 300 कोटींच्या सवलती देणार. माउंट प्लेझंट गावातल्या लोकांची घरे गेली. 2021 मध्ये करार नव्याने लिहिला तेव्हा 13 हजारांचे 1,454 झाले. पण एक शहाणपण झाले होते. मोठी सवलत नोकऱ्यांच्या संख्येला बांधलेली होती. पहिल्या वर्षांची संख्या भरली नाही, तेव्हा राज्याने ती सवलत दिली नाही. कंपनीच्या शब्दाला करारात कलम होते. वॉकरसाहेबांच्या अडीच लाखांना असे कलम कुठे होते?

2018 च्या नोव्हेंबरात टोनी एव्हर्स या जुन्या शिक्षकाने वॉकरना तीस हजारांहून कमी मतांनी पाडले. पण गंमत पाहा. जाता जाता, डिसेंबरात, जुन्या विधिमंडळाने नव्या गव्हर्नराचे अधिकार कापणारी बिले पास केली, आणि हरलेल्या वॉकरांनीच त्यावर सही केली. विधिमंडळ विरोधकांच्या हाती, त्यामुळे युनियनचा कायदा एव्हर्सना रद्द करता आला नाही. त्यांनाही जाब विचारावा, जरूर विचारावा, पण सभागृहातले दारही ठोठवावे लागते. पेन मात्र त्यांच्याही हातात होते. तिथल्या गव्हर्नराला खर्चाच्या बिलातले शब्द आणि अंक खोडता येतात. 2023 साली एव्हर्सनी ‘2024-25’ यातले काही अंक खोडून ‘2425’ केले, आणि दोन वर्षांपुरती मंजूर झालेली शाळांच्या खर्चमर्यादेतली वाढ चारशे वर्षांची झाली! तेव्हा ‘माझे हात बांधलेले आहेत’ म्हणणाऱ्या माणसाचे हात एकदा नीट पाहून घ्यावेत.

2011 च्या त्या मार्चपासून विधानभवनात दुपारी बाराला गाणी म्हणणारा एक जमाव जमू लागला. 2013 मध्ये त्यांना पकडून दंड ठोठावले, तरी माणसे येतच राहिली. 2024 च्या डिसेंबरात डेन काउंटीच्या न्यायाधीशाने त्या कायद्यातली बहुतेक बंधने घटनाबाह्य ठरवली, आणि सरकारपक्ष अपिलात गेला.