राजकवि : आश्रित कीं उपदेशक?

राज्यानें कवीची नेमणूक करावी काय, हा प्रश्न ऐकतांच दरबार, बिरुदें आणि स्तुतिपाठ डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई या प्रश्नाला निराळें उत्तर देते.

श्रोतेहो, मुकुंदराजांची समाधि या नगराजवळच आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा, मानण्याची परंपरा आहे. जैत्रपाळ राजाच्या इच्छेनें तो रचला गेला, असें ग्रंथच सांगतो. हा राजा नेमका कोणता, याविषयीं विद्वानांत वाद आहे. पण कवीनें त्याला स्तोत्र अर्पण केलें नाहीं. शिष्याच्या आसनावर बसवून वेदान्त सांगितला. राजाश्रयाचें हें खरें सार्थक होय.

त्याच नगरांत पुढें दासोपंत (१५५१–१६१५) झाले. त्यांना कोणत्याही दरबाराचें पद नव्हतें. तरी सुमारें चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर त्यांनीं ‘पंचीकरण’ लिहिलें. तेव्हां काव्य पदावांचून अडत नाहीं, हें उघड आहे.

मग पद कशासाठीं? बडोदें संस्थानानें चंद्रशेखर यांना व पुढें १९४० सालीं यशवंत यांना राजकवि केलें; ग्वाल्हेरीनें भा. रा. तांबे यांना हा मान दिला. १ मे १९४९ रोजीं बडोदें मुंबई प्रांतांत विलीन झालें. ज्या गादीनें मान दिला ती गेली, पण यशवंतांची कविता घरोघरीं राहिली. इंग्लंडांतील ड्रायडन यांनीं १६८८ च्या क्रांतीनंतर नव्या राजसत्तेची शपथ नाकारली, आणि त्यांचें राजकविपद गेलें. उलट वर्डस्वर्थ यांनीं १८४३ सालीं तें पद स्वीकारलें, तें कांहींही लिहिण्याची सक्ति नसल्याचें आश्वासन मिळाल्यावरच.

या उदाहरणांतून एकच बोध निघतो. आज राजा म्हणजे लोक. महाराष्ट्रानें असें पद निर्माण करावयाचें झाल्यास दोन गोष्टी सनदेंतच लिहून द्याव्या : मंत्रिमंडळ बदललें म्हणून कवि बदलूं नये, आणि मौन पाळलें म्हणून त्याचें वेतन थांबूं नये. एवढें देण्याची तयारी नसेल, तर पद न देणेंच बरें. कारण भाट कोणत्याही राज्याला सहज मिळतो. राजाला शिष्य करून घेणारा कवि मात्र अंबाजोगाईनें आठ शतकांपूर्वीं दाखविला, तसा क्वचितच लाभतो.