पाळण्यातील निश्चलता

अंध मूल म्हटले की आपल्या मनासमोर शाळा, ब्रेल लिपी आणि पांढरी काठी उभी राहते. परंतु या मुलाच्या आयुष्याचा बराचसा निवाडा जेव्हा होऊन जातो, तो पाळण्यापासून अंगणवाडीपर्यंतचा काळ आपल्या विचारातून सहसा निसटतो.

डोळस बालक दोन-तीन महिन्यांचे झाले की आईची चाहूल लागताच हातपाय झाडते, तिच्या मुखाकडे पाहून हसते. अंध बालक मात्र तीच चाहूल लागताच पुष्कळदा एकाएकी निश्चल होते, कारण त्या क्षणी ते सर्वांगाने ऐकत असते. आईला वाटते, याला माझी ओढच नाही. मग तिचे बोलणे कमी होते, जवळ घेणे कमी होते, आणि ज्या आवाजाच्या व स्पर्शाच्या आधाराने बाळाला जगाची ओळख व्हायची, तोच आधार आटत जातो. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन विदुषीने १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा घात विस्ताराने वर्णिला आहे. बाळाच्या मुद्रेवर काही उमटत नसले, तरी त्याची बोटे बोलत असतात, असे ती आयांना दाखवून देई. केवळ नाद ऐकून खुळखुळ्याकडे हात पुढे करणे अशा बालकाला पहिले वर्ष सरत येईपर्यंत बहुधा साधत नाही, आणि ते साधल्यावाचून रांगणेही सुरू होत नाही. याला मंदबुद्धी म्हणणे हा निव्वळ अन्याय होय.

आपल्या गोव्यातच पाहा. वास्कोत, बंदरावर पाळीला जाणाऱ्या माणसाच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, अशा बाळाची आई एकटी पडते. पेडण्याच्या एकत्र कुटुंबात याच्या नेमके उलटे घडते: बिचारे म्हणून मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि त्याच्या पायांना जमीन ठाऊकच होत नाही. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याला कोणी दोष म्हणत नाही. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला असे मूल गर्दीच्या भयाने घरी ठेवण्यापेक्षा त्या अखंड भजनात न्यावे आणि पखवाजाच्या पुडीवर त्याचा हात ठेवू द्यावा.

पूर्वी उपाय एकच होता, तो म्हणजे दूर धाडणे. १९०० साली मुंबईत स्थापन झालेल्या दादरच्या अंधशाळेत पुढे लेखक म्हणून नावारूपास आलेले वेद मेहता पंजाबातून आले, तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. आता शिक्षकानेच घरी यावयास हवे.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगतो. चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे, आणि बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास, मोठे झाल्यावर निवळेल, असे कोणी आजी म्हणाली तरी थांबू नये.

तपासणीला बांबोळीचे रुग्णालय गाठणे प्राप्तच आहे. परंतु बाळाशी खेळावे कसे, उचलण्यापूर्वी त्याला हाक का मारावी, एवढे शिकण्यासाठी डिचोलीच्या बापाने दिवसाची मजुरी बुडवून दर आठवड्याला बांबोळीची बस धरावी, अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. हे ज्ञान त्याच्या वाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला द्यावे, आणि अपंगत्वाच्या दाखल्याचा कागद दफ्तरातून बाहेर पडण्याची वाट न पाहता तिने त्या घरी जाण्यास आरंभ करावा.